तिकीट हाय, सीट न्हाई

आमच्या सोनपेठच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से लवकर वाढतात. पुस्तकांना अनुदान लागतं, किस्स्यांना चार माणसं पुरतात. आमची रविवारची चार माणसं म्हणजे मी ग्रंथपाल, कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारे कदम सर, त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता एम.ए. झालेली ज्योती आणि एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका. गावातल्या एका डॉक्टरांच्या मुलानं अमेरिकेतून खोकंभर पुस्तकं पाठवली. सगळी तिकडचं शिक्षण, नोकऱ्या आणि उच्चनीच यांवरची. सर वाचून मराठीत सांगतात, आम्ही ऐकतो आणि जाताना काळजी घरी घेऊन जातो.

*

पहिल्याच पुस्तकात होतं, की तिकडंही डिग्रीवाली पोरं हॉटेलात कप विसळतात. काका म्हणाले, "म्हंजे तिकीट हाय, सीट न्हाई."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांचा इंजिनिअर मुलगा परभणीत मोबाईलच्या दुकानात कव्हरं विकतो.

*

दुसऱ्या पुस्तकात एक प्राध्यापिका निघाली. तासांवर शिकवणारी, भाडं परवडत नाही म्हणून कारमध्ये झोपणारी. आमचे सर स्वतः बारा वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं मुलाखत. मला वाटलं, आता सर पुस्तक मिटणार.

सरांनी चष्मा पुसला. "त्या बाईकडं कार हाय," म्हणाले, आणि पान उलटलं.

*

शिकलेले आईबाप लेकरांशी जास्त बोलतात, म्हणून ती शाळेत पुढं जातात, असंही एका पुस्तकात आलं. ज्योतीचे आईवडील ऊसतोडीला जातात. ती म्हणाली, "आमची माय फडात एकच शब्द बोलायची. सरक."

ज्योतीसुद्धा कॉलेजात असताना दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर कोयता घेऊन जायची. हजेरीपटातून तिचं नाव कापा, असं प्राचार्य सरांना सांगायचे. सर दरवेळी म्हणायचे, "यायलीय सर," म्हणजे येतेय. चार महिने ती यायलीच होती! शेवटी परीक्षेला आली आणि पास झाली. स्वतःची नोकरी वर्षाच्या बोलीवर असताना असं सांगायला छाती लागते.

*

जून लागला की सर मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवतात. तो वाजला की आम्ही चौघंही घाबरतो. गेल्या जूनमध्ये वाजला. सरांनी झडप घालून उचलला. पलीकडून त्यांच्या मिसेस.

"आला का हो कॉलेजचा फोन?"

"तूच लावून बसलीस तर कसा येईल?"

फोन परत जागेवर गेला. त्या दिवशी पुस्तक काही पुढं सरकलं नाही.

*

यंदा जागा दोन निघाल्या, म्हणून सरांनीच ज्योतीला अर्ज भरायला लावला. मुलाखतीच्या सकाळी नोटीस बोर्डावर एकच उरली होती. ज्योती फाईल घेऊन उठली. "मी जायलेय सर. मला न्हाई द्यायची मुलाखत."

सरांनी तिची फाईल काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. "बस. नाव पुकारलं की जा."

हे मला ज्योतीनंच रडत रडत सांगितलं. ऑर्डर तिच्या नावानं निघाली होती.

*

त्या रविवारी सर येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मी चहा केला, तो कपातच निवला. सर नेहमीच्या वेळेला आले. हातात कापडी पिशवी, आत बारा वर्षांच्या नोट्स. ज्योती उठून उभी राहिली. सरांनी पिशवी तिच्या हातात दिली.

"नोट्स जुन्या हायत, तुझ्या हिशेबानं बदल," ते म्हणाले. "अन् मागच्या बाकावरची दोघं दिवाळीनंतर दिसायची न्हाईत. प्राचार्यांनी विचारलं तर यायलेत म्हणायचं."