घोडी मागं सरली नव्हती

साल १९३६, मी पंचवीस वर्षांचा. शुक्रवार पेठेत माझा टांगा उभा होता आणि एका वकिलाची मोटार मागून येऊन धडकली. तिचा दिवा फुटला, माझं चाक मोडलं. पेट्रोलचा वास आला की अजून ते आठवतं. संध्याकाळी विमा कंपनीचा कारकून कागद घेऊन दारात आला. "घोडी मागं सरली असं लिहिलंय. अंगठा दे. वकीलसाहेबांना भरपाई मिळेल, ते तुला नवं चाक देतील." मी म्हणालो, "माजी घोडी कदी मागं सरत न्हाय." मागं सरणाऱ्या घोडीच्या टांग्यात बायकापोरं बसत नाहीत, हे त्याला काय ठाऊक! तो हसला, "जनावराची कसली रे अब्रू?" मी घोडीला लगाम चढवून त्याच्या हातात दिला. "सारा की मागं." ओढून ओढून त्याला घाम फुटला. घोडीनं मान हलवली, पाय नाही. मी म्हणालो, "अंगठा कशाला? सही येती मला. पण तीबी देत न्हाय." चाक गेलं, त्याचं आजही मला काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडीला खरारा केला आणि लगाम धरून वकिलाच्या दारावरून सगळ्या पेठेतून चालवत नेली.