आखाजीचा डाव

वैशाख शुद्ध द्वितीया, शनिवार. आखाजी उद्यावर आलेली आणि मी सांजोऱ्या लाटत होते. माझी धाकटी जाऊ तळत होती. पन्नासेक झाल्या असतील तेव्हा झारा कढईच्या कडेला टेकवून ती म्हणाली, "ताई, उद्या पत्ते काढू नका."

मी लाटणं थांबवलं नाही. "बरं, बघू," म्हणाले.

"बघू नाही. काढूच नका."

आमचं घर मूळचं सटाण्याकडचं. तिकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी पुरणपोळी आणि आमरस, मग बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. एरवी पत्त्यांना हात न लावणारा माणूसही त्या दिवशी पैसे लावून खेळतो आणि कुणी त्याला बोलत नाही. सासरे नाशिकला आले, पाथर्डी फाट्याजवळ घर घेतलं. इथे झोका बांधायला झाड नव्हतं. पत्ते मात्र आले.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा खेळ दोन दिवस चालायचा आणि भांडणावर संपायचा. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. नियम करणं आणि ते पाळायला लावणं याचाच मला पगार मिळतो. तिसऱ्या वर्षी मी घरातही नियम घातले. माणशी शंभर रुपये, त्याचे वीस चिंचोके. चिंचोके संपले की उठायचं, पुन्हा घ्यायचे नाहीत. दिवेलागणीला चादर उचलायची. चिंचोक्यांचा डबा माझ्याकडे. तेव्हापासून एकही भांडण झालं नाही. नातेवाईक कौतुक करायचे आणि मी ते करून घ्यायचे. "खेळ वाईट नसतो, मर्यादा नसणं वाईट," हे मी किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

ऐकणाऱ्यांतला एक माझा धाकटा दीर. आता अंबडच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, वेगळं बिऱ्हाड करून राहतो. तीन वर्षं तो मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. आम्हाला कळलं तोवर जावेचे दागिने गेले होते आणि मुलीच्या नावाची ठेवही मोडलेली होती. कबुली द्यायला तो माझ्यासमोर बसला तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी तुमच्यासारखंच ठरवून खेळायचो. दिवसाला दोनशे. संपले की बंद. फक्त तिथे रात्री बाराला दिवस बदलतो. बारा वाजून एक मिनिटाने पुन्हा दोनशे. मग दोनशेचे पाचशे केले. तेही ठरवूनच."

"याला ठरवणं म्हणतात का?" असं मी त्याला तेव्हा फटकारलं होतं.

त्या गोष्टीला अकरा महिने झाले होते. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन होता, पगार जावेच्या हातात. जावेने त्याला एकदाच सांगितलं होतं की पुन्हा एक जरी डाव लावलास तर मी मुलीला घेऊन नांदगावला जाईन. ती उगाच बोलणारी नाही, त्यामुळे सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. आखाजीला लेकी माहेरी जातात. ती या वर्षी गेली नाही. त्याच्यावर नजर ठेवायला थांबली.

"तो खेळणार नाही," मी तिला म्हणाले. "मीच बसू देणार नाही."

"त्याला न बसवता तुम्ही सगळे बसणार. त्याच्यासमोर."

"आईंना काय सांगू? वर्षाचा एक दिवस असतो त्यांचा."

"त्यांना मी सांगते."

"काका सटाण्याहून त्यासाठीच येतात."

"काका जेवायला येतात."

"आणि जन्मभर त्याला पत्त्यांपासून लपवून ठेवणार आहेस का? घरात, आमच्यादेखत, मर्यादेत बघितलं तर उलट चांगलंच की."

तिने गॅस बारीक केला. "ताई, एक वर्ष नाही खेळलात तर तुम्हाला काय होईल?"

"मला काय होणार आहे?"

"मग?"

मी पुढची सांजोरी लाटायला घेतली. एवढी कारणं दिली, पण त्यातलं एकही माझं नव्हतं, सगळी दुसऱ्यांची. हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं होतं.

संध्याकाळी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या अजून घरात अहिराणीच बोलतात. "आखाजीले पत्ता नई, ते मंग आखाजी कसानी?" एवढं म्हणून त्या वाती वळायला लागल्या. मला तेवढंच हवं होतं. मी मधला मार्ग काढला: बाकीचे बाहेर खेळतील, दीर स्वयंपाकघरात आमरसाचं बघेल. जावेला हे सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कूलरसमोर चादर अंथरली. सासूबाई, माझा नवरा, नणंद, सटाण्याहून आलेले चुलतसासरे आणि मी. जाऊ दिवाणावर बसून मुलीची वेणी घालत होती. घालून झाली की सोडायची, पुन्हा घालायची. मुलगी कंटाळून म्हणाली, "आई, झाली ना आता." पण हिचे हात चालूच.

माझ्या जागेवरून स्वयंपाकघरातली दिराची पाठ दिसत होती. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी तो आंबे पिळत होता. इकडे पत्ते वाटायला लागले की तिकडे त्याचे हात थांबायचे. वाटून झाले की पुन्हा सुरू.

एकदा नवरा पत्ते टाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "दादा पॅक."

सगळे हसले. "पाठीला डोळे आहेत का रे तुझ्या?" नणंद म्हणाली.

"टाकायच्या आधी घसा खाकरतो तो. लहानपणापासून."

जाऊ हसली नाही.

चारच्या सुमाराला चुलतसासऱ्यांचा फोन वाजला. पत्ते नुकतेच वाटून झाले होते. ते उठून गॅलरीकडे निघाले आणि जाता जाता आत बघून म्हणाले, "ए धाकट्या, माझा हात सांभाळ रे. दोनच मिनिटं."

दीर फडक्याला हात पुसत दारात आला. उंबऱ्याच्या अलीकडे आला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. जाऊही माझ्याकडेच बघत होती. नियम माझे, त्यामुळे बोलायचं मीच होतं.

मी तेवढ्यात माझे पत्ते उचलून पाहिले होते. तीन नव्व्या. तीन पत्तीत तिन्ही पत्ते सारखे येणं म्हणजे जवळजवळ जिंकलेला डाव. इतक्या वर्षांत मला ते कधी आले नव्हते. काकांचे पत्ते टाकून द्या, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते टाकले तर एक भिडू कमी, म्हणजे चिंचोकेही कमी. हा विचार माझ्या मनात पूर्ण झाला आणि मग मी बोलले.

"एवढा डाव होऊ दे. दोन मिनिटांचं तर काम आहे. बस."

तो बसला. नणंदेने पत्ते टाकले, मग नवऱ्याने, मग सासूबाईंनी. आम्ही दोघंच उरलो. मी चाल केली, त्याने केली. मी केली, त्याने केली. बोटांना आंब्याचा रस लागलेला, त्यामुळे चिंचोके चिकटत होते. तो ते अंगठ्याने सोडवून मध्ये ठेवायचा. घाई नाही, काही नाही. अकरा महिन्यांत मी त्याला इतका शांत पाहिला नव्हता.

काकांचे चिंचोके संपले. तो मान वर न करता म्हणाला, "वहिनी, दहा द्या."

आमच्या चादरीवर हे आजवर कुणी मागितलं नव्हतं. नाही म्हणायला मी होतेच. पण माझा हात डब्यात गेलेला होता. झाकण कधी काढलं ते आठवत नाही. मूठ भरली होती. त्याने आणखी दहा लावले तर तेही माझेच होणार होते.

"ताई," जाऊ म्हणाली. मोठ्याने नाही.

तरी मूठ लगेच सुटली नाही. दोन-तीन श्वास तरी गेले असतील. मग मी हात बाहेर काढला, "शो" म्हणाले आणि पत्ते उलटे केले. त्यानेही केले. दोन सत्त्या आणि एक गुलाम. असल्या पत्त्यांवर कुणी आणखी दहा मागत नाही.

तो उठला. मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला. चुलतसासरे परत आले आणि म्हणाले, "काय, घालवलं का माझं सगळं?" जावेने मुलीची चप्पल शोधली. तिघं त्यांच्या घरी गेले. मी साडेचारलाच चादर उचलली.

रात्री नवरा म्हणाला, "शंभर रुपयांचा तर खेळ. तेही काकांचे. याला काय लावणं म्हणायचं?" तो मुद्दाम बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. दोन दिवसांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. शंभर रुपये हरून उठणारी माणसं असतात, सासूबाई तशाच आहेत. मी स्वतःला त्यांच्यात धरत होते, कारण आजवर मला उठायची वेळच आली नव्हती. डबा माझ्याकडे असायचा आणि पत्ते बेताचेच यायचे.

सोमवारी सकाळी सव्वासहाला जावेचा फोन आला. "ताई, रिक्षा मिळत नाहीये. स्टँडवर सोडता का?"

मी स्कूटी काढली. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये, बॅग पायाशी. स्टँडवर नांदगावची गाडी लागलेलीच होती. मी म्हणाले, "त्याला मी बसवलं. चूक माझी आहे."

"माहितीये," ती म्हणाली. "पण मी सांगितलं होतं ते त्याला. बसायचं की नाही ते त्याच्याही हातात होतं."

"किती दिवस?"

"ते तो कळवेल. न खेळल्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं रात्री तोच म्हणाला."

ती गाडीत चढली. मी थांब म्हटलं नाही. तसं म्हणायचा हक्क मी आदल्या दिवशी घालवला होता. ऑफिसला फोन करून अर्धी रजा सांगितली आणि दिराच्या घरी गेले. त्याची शिफ्ट दुपारची होती. तोवर त्याने एकटं बसू नये, एवढं मला करता येण्यासारखं होतं.

दार उघडून तो म्हणाला, "राखायला आलात का वहिनी?"

"हो," मी म्हणाले. "चहा टाक. आणि काल डब्यात हात का घातला, ते तुला सांगायचंय."