स्टोव्हवरचा बर्फ

लग्न होऊन मी अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला आले, त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी बर्फ तयार झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, आणि जठारपेठेतल्या आमच्या घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. तिथून माझे यजमान टांग्यात घालून एक जडशीळ वस्तू घेऊन आले. दोन लोखंडी गोळे, मध्ये वाकडी नळी, आणि सोबत जाड भिंतींची एक पेटी.

"हे काय उचलून आणलं बावा?" सासूबाईंनी विचारलं.

"याच्यानं बर्फ होते, माय. हा गोळा स्टोव्हवर तापवाचा."

"आगीवर बर्फ? काहून मले येडी समजून राहिला!"

यजमान शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी समजावलं, की एका गोळ्यात अमोनिया मिसळलेलं पाणी आहे. ते तापलं की अमोनियाचा वायू नळीतून दुसऱ्या गोळ्यात जातो आणि तिथे गार होऊन पातळ होतो. मग स्टोव्ह विझवायचा. पातळ झालेला अमोनिया पुन्हा वायू होऊन परत फिरतो, आणि जाताना भोवतालची उष्णता ओढून नेतो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "करून दाखव," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. एक गोळा स्टोव्हवर, दुसरा बादलीतल्या पाण्यात, असं तासभर चाललं. नंतर दुसरा गोळा पेटीत ठेवला आणि काही वेळानं हात घातला, तर आत बाहेरच्याइतकंच गरम! यजमानांचं तोंड पार उतरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा स्टोव्ह पेटवला. भांडी घासायला पाणी हवं म्हणून मी गोळ्याच्या बादलीत हात घातला, तर चटकाच बसला.

"अहो, हे तर अंघोळीच्या पाण्यावानी झालं! इथं वायू गार होईन कसा?"

ते उडी मारूनच उठले. "विहिरीचं आण! लवकर!"

मग काय, मी पोहऱ्यावर पोहरे काढत सुटले. सासूबाई पदर खोचून बादली रिकामी करत होत्या आणि यजमान स्टोव्हला पंप मारत होते. दुपारच्या उन्हात तिघंही घामानं निथळलो, पण हसू काही थांबेना. तापलेला गोळा पाण्यात गार करून घेतला, दुसरा पेटीत ठेवला. त्याच्या पोटातल्या खाचेत पाण्याची डबी सरकवली.

संध्याकाळी झाकण उघडलं. गोळ्यावर पांढरं दव गोठलं होतं. डबी उपडी केली, आणि ताटात टण्णकन् बर्फ पडला!

मी किंचाळलेच. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि ओरडल्या, "अवं माय! दात गेले माये!" लगेच दुसरा तुकडा उचलला. मग गल्लीत जाऊन शेजारणींना हाका मारू लागल्या, "या वं, आमच्या सूनबाईनं बर्फ केला!"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील की यंत्र तर मी आणलं. पण ते घाईघाईनं म्हणाले, "उद्या ताक ठेवू. आणि आंब्याचा रस!"

मी पोहरा घेऊन विहिरीकडे निघालेसुद्धा.