उठलेल्या बाईची रिकामी मिनिटं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या गेटवर. वॉचमननं तिचं कार्ड दोनदा लावून बघितलं, दोन्ही वेळा लाल दिवा लागला, आणि त्यानं तिला बाजूला उभं राहायला सांगितलं. डबा हातात धरून ती तासभर उभी होती. मग आतून निरोप आला, आता यायची गरज नाही.

ह्यात माझाही हात आहे, ते आधी सांगून टाकते.

परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं अट घातली होती. प्रत्येक टॉवेल कुठल्या सुताचा, कुठल्या मशीनवर, कधी शिवला, हे कळलं पाहिजे. नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात. मालकानं पुण्याहून सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक शिलाई मशीनला एक टॅब बसला. गठ्ठा आला की त्याच्यावरचा कोड टॅबला दाखवायचा, किनार मारून झाली की पुन्हा दाखवायचा. मधे मशीन थांबली तर टॅब तेही टिपायचा. बायका बिथरल्या. आपल्यावर नजर ठेवायला आणलंय म्हणाल्या. मी तेव्हा कामगार संघटनेत नवीन, पत्रकं लिहायचा दांडगा उत्साह. बऱ्याच बायका तेलुगू बोलणाऱ्या, म्हणून मराठीत आणि तेलुगूत पत्रक काढलं, गेटवर वाटलं: ऑर्डर टिकली तर काम टिकेल, कोडला घाबरू नका. तिच्या मशीनच्या रांगेतल्या बायकांना ते वाचून दाखवलं आत्यानंच.

आणि खोटं कशाला बोलू, ऑर्डर टिकली. एखादा माल खराब निघाला तर तो कुठल्या दिवशीचा, कुठल्या सुताचा, दहा मिनिटांत सापडायचं. आधी तेवढ्यासाठी अख्खं गोदाम उपसावं लागायचं. आजूबाजूच्या शेडना कुलपं लागत होती, ही शेड चालू होती.

मग त्याच गिऱ्हाइकानं ऑर्डर घटवली. काही बायका कमी करायचं ठरलं. कुणाला, ते टॅबवरून काढलं. यादीत आत्या सगळ्यात वर.

आत्या त्या रांगेतली सगळ्यात जुनी. शेडला मेकॅनिक एकच, तो यायला अर्धा तास. म्हणून कुणाच्या मशीनचा टाका सुटायला लागला की ती बाई आत्याला हाक मारायची. आत्या आपलं काम सोडून उठायची, सुई बघायची, दोरा ताणून बघायची, स्क्रू जरासा फिरवायची आणि परत जागेवर येऊन बसायची. दिवसातून आठ-दहा वेळा, वर्षानुवर्षं. टॅब आल्यापासून तेवढा वेळ तिच्या टॅबवर नोंद व्हायची: मशीन रिकामी. तिनं ज्यांच्या मशिनी चालू करून दिल्या त्या बायका यादीत आल्याच नाहीत.

मी मॅनेजरकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, स्क्रीन माझ्याकडे वळवली. आत्याच्या नावापुढं लाल पट्टेच पट्टे.

"हे बघा ताई, मी कुणाला काढलेलं नाही. यादी सिस्टिमनं काढलीय."

मी विचारलं, ती उठून कुठं जायची हे तुम्हाला माहीत नव्हतं? रोज काचेतून बघत होता की.

"माहीत आहे. पण त्याला रकाना नाही."

रकाना करा म्हटलं. तर म्हणाले, त्यासाठी पुण्याला कळवावं लागेल, करार बघावा लागेल, गिऱ्हाइकाला विचारावं लागेल. ह्याच गिऱ्हाइकाच्या एका मेलवर पंधरा दिवसांत सगळ्या शेडला टॅब बसले होते.

आत्याला हे सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "उठू नको म्हनले असते तर बसले असते की. कुनी म्हनलंच न्हाय."

परवा तिच्याच सुपरवायझरचा फोन आला. तीन मशिनी अडल्यात, मेकॅनिक रजेवर आहे, टाका कसा धरायचा? आणि आत्यानं सांगितलं. कुठला स्क्रू, कुठल्या बाजूला, किती फिरवायचा, सगळं. फोन ठेवल्यावर मी तिच्यावर ओरडले. ज्यांनी तुला गेटवर उभं केलं त्यांना कशाला शिकवतेस?

"त्याला कुटं शिकवलं? पोरी खोळंबल्या होत्या. मशीन रिकामी दिसली की त्यांचंबी नाव वर जातंय."



संघटनेचं पत्र मालकाकडं गेलंय, आत्याला परत घ्या म्हणून. उत्तर नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्यातले कितीतरी जण अशाच स्क्रीनसमोर बसता. कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात. कधीतरी तुमच्या पुढ्यातही अशी यादी येईल आणि खाली तुमची सही मागतील. सही करू नका. आधी खुर्चीतून उठा, शेडमध्ये जा, पहिलं नाव ज्या बाईचं आहे तिला गाठा आणि ती कशासाठी उठत होती ते विचारा. ती सांगेल ते त्याच कागदावर स्वतःच्या हातानं लिहा, आणि तसाच कागद वर पाठवा.