पहिला आवाज देवचाराचा

आमच्या घरात एक कडक नियम होता. बाबांच्या सायकलीच्या रबरी-पितळी भोंग्याला हात लावायचा नाही. सायकल अंगणात उभी असो की आचऱ्याच्या बाजारात, भोंगा गप्प. दिवसातला पहिला आवाज घाटीच्या माथ्यावर, वाटेची राखण करणाऱ्या देवचाराच्या दगडापाशी जाऊन करायचा आणि मग पुढे गिऱ्हाइकांसाठी. घराजवळ वाजवला तर धंदा रुसतो, असं बाबांचं म्हणणं होतं आणि त्यांच्या बाबांचंही. लहानपणी मी एकदा चोरून दाबला, तर त्या दिवशी बाबा गेलेच नाहीत. भरलेली टोपली त्यांनी शेजारीपाजारी वाटून टाकली आणि आईने मला असं बडवलं की पुन्हा कधी मी त्या भोंग्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबा सायकलवरून मासे विकायचे. सकाळी बंदरावर होडीतून उतरलेली मासळी घ्यायची, कॅरियरवर टोपली बांधायची, वर ओला गोणपाट टाकायचा आणि आत, नदीच्या खोऱ्यातल्या वाड्यांना जायचं. किनाऱ्याला मासे कोण विकत घेणार, सगळ्यांच्याच घरात असतात. खरं गिऱ्हाईक आत, शेतकऱ्यांच्या घरी.

दहावी झाले त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, मला माझी सायकल मिळाली आणि मी मे महिन्यात बाबांबरोबर जायचा हट्ट धरला. आई म्हणाली, मासळीच्या टोपलीमागे पोरगी फिरवणार, लोक काय म्हणतील! बाबा म्हणाले, लोक मासे घेतील. झालं, वाद संपला.

त्या रस्त्याचं काय सांगू! मी नंतर पुष्कळ रस्ते बघितले, पण सायकलसाठी देवाने केलेला रस्ता तो एकच. आधी सपाट, दोन्ही बाजूंना शेतं. मग घाटी लागायची. तिथे उतरून सायकल ढकलायची, बोलायचं नाही, दम राखायचा. माथ्यावर ऐनाच्या झाडाखाली देवचाराचा दगड. बाबा तिथे एक विडी ठेवायचे, हात जोडायचे आणि भोंगा दाबायचे. एकदाच, लांबलचक. समोरच्या डोंगरावर आपटून तो आवाज परत यायचा, आणि बाबा माझ्याकडे अशा रुबाबात बघायचे की जणू डोंगर त्यांनीच बांधला. मग उतार. पाय न हलवता नदीपर्यंत. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे किंजळ आणि काजू, डोक्यावर झाडांचं छप्पर. तासाभरात एखादी एसटी गेली तर गेली. बाकी आमच्या दोन चेनींचा आवाज.

रस्त्यावरून घरं दिसायची नाहीत. ती सगळी वर रानात, फक्त पायवाटा खाली उतरलेल्या. बाबा वळणावर थांबून भोंगा दाबायचे. आधी वर कुठेतरी कुत्रा भुंकायचा, मग पाचोळा वाजायचा आणि हातात भांडं घेतलेली बाई झाडीतून बाहेर यायची, मग दुसरी, तिसरी. बाबा ओरडत नसत आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नसत. भोंगा दाबायचा आणि वाट बघायची, हीच त्यांची रीत.

नदीवरच्या साकवाजवळ एक म्हातारी होती. ती सगळ्यात आधी खाली यायची आणि सगळ्यात जास्त भांडायची. बांगडा बारीक आहे, तारले कालचे आहेत, तू आता लबाड झालास. बाबा गालातल्या गालात हसत तिच्या भांड्यात एक मासा जास्त टाकायचे आणि ती तांब्याभर कोकमाचं सरबत पुढे करायची. माझं लग्न कुठे जमलं, शिक्षण कुठवर आलं, हे तिला माझ्या सख्ख्या मावशीच्या आधी कळायचं. बाबा घरी येऊन आईला त्या खोऱ्याच्या बातम्या सांगत. कोणाची गाय व्याली, कोणाच्या काजूला मोहर आला. आई म्हणायची, ह्यांचं अर्धं घर तिकडेच आहे. खोटं नव्हतं ते.

मी डी.एड. केलं, कुडाळला शाळेत लागले, तिथेच लग्न झालं. बाबांचे कान जायला लागले ते त्याच सुमाराला. फोनवर मी एक विचारायचे, ते भलतंच उत्तर द्यायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की नाकावर राग. 'ओरडा नको, मी काय बहिरो नाय.' आई हसायची, मीही हसायचे. वयाबरोबर चालायचंच, असं आपण म्हणतो ना, तसंच.

मग त्या खोऱ्यात टेम्पो फिरायला लागला. बर्फाच्या पेट्या, वर मोठ्याने वाजणारी गाणी, आणि मासे थेट वाडीपर्यंत. बाबा म्हणाले, फिरू दे, आपली माणसं आपली आहेत. पहिल्या वर्षी खरंच काही बिघडलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबांनी नेहमीसारखी सायकल खोलली, तेल घातलं, भोंगा फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या तसे तेही निघाले. आणि टोपली परत यायला लागली. अर्धी नव्हे, जवळजवळ तशीच. कोणी रस्त्यावर समोर दिसलं तर त्याने घेतले तेवढेच. आई ते मासे खारवून वाळत घालायची आणि मला फोनवर हळू आवाजात सांगायची. हळू कशाला, बाबांना तसंही ऐकू जात नव्हतं.

दिवाळीला गेले तेव्हा बाबा पडवीत बसले होते. सायकल भिंतीला उलटी टांगलेली. मी जवळ बसून कानाशी विचारलं, काय झालं? त्यांनी टांगलेल्या सायकलीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, 'चेडवा, थंय आता माझी वाट कोण बघणा नाय. ती साकवावरची म्हातारी पण खाली उतराक नाय.'

ते रडले नाहीत. आयुष्यभर या माणसाने मागितलं काय होतं? आपण वळणावर थांबावं आणि वरून कोणीतरी आपल्यासाठी खाली यावं, एवढंच. तेही त्या लोकांनी एका टेम्पोपायी काढून घेतलं. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

शिमगा झाला आणि बाबा गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मला विचाराल तर ते दिवाळीतच गेले होते, शरीर तेवढं पडवीत बसलं होतं.

तेरावं झालं. भाऊ म्हणाला, सायकल भंगारात देऊ. मी म्हटलं, आधी मी एकदा चालवणार. आईने अडवलं नाही. खरं सांगते, मी काही आठवणी काढायला निघाले नव्हते. मला साकवावरच्या त्या म्हातारीला गाठून चार शब्द सुनवायचे होते. इतकी वर्षं तुम्हाला एक मासा जास्त दिला, आणि तुम्ही?

घाटीत सायकल ढकलताना दम लागला, रडूही आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा फार हाल होतात. माथ्यावर पोचले. विडी आणली नव्हती, अंगणातली दोन फुलं होती ती दगडावर ठेवली. हात जोडले. आणि आयुष्यात दुसऱ्यांदा मी त्या भोंग्याला हात लावला.

फुस्स.

वाटलं, माझाच हात हलका पडला. दोन्ही हातांनी दाबला. रबर चांगलं होतं, फुगत होतं, दबत होतं, हाताला काही फरक कळत नव्हता. नुसता वारा बाहेर पडत होता. पितळेच्या तोंडात बोट घातलं तर आवाज काढणारी आतली पत्ती हिरवी पडून चिकटून बसलेली. पावसाळ्यातली खारट ओल. एका दिवसाची नव्हे ती.

मला तेव्हा लगेच कळलं असं नाही. उतार लागला, सायकल आपोआप चालली, आणि नदी दिसली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ब्रेक कसे दाबले ते आठवत नाही.

म्हातारी साकवाच्या तोंडाशी चुलीसाठी काटक्या गोळा करत होती. तिने आधी सायकल ओळखली आणि मग मला. तोंड भरून हसली. 'बापूस बरो आसा मां?' आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आधी तीच बोलत सुटली. गणपतीपासून तुझा बापूस आमच्यावर रागावला. भोंगा न वाजवता गुपचूप यायचा, वळणावर थांबायचा आणि निघून जायचा. आम्ही दोनदा टेम्पोवाल्याकडून घेतले, ते त्याला कोणी सांगितलं असणार.

'मी वरसून हाको मारलंय गो. लय हाको मारलंय. वळान बघूक पण नाय. मगे आमी पण म्हटला, रवांदे, रागावलो तर रागावलो.'

सुनवायचे ते चार शब्द मी विसरले. मी तिचा हात धरून तिला साकवाच्या कठड्यापाशी बसवलं आणि सांगितलं. बाबा गेले. त्यांना ऐकू येत नव्हतं, आजी. तुमच्या हाकाही नाही आणि स्वतःचा भोंगाही नाही. तो वाजत नाही हे त्यांना कळलंच नाही. तुम्ही यायच्या बंद झालात असं त्यांना वाटलं.

तिला पटलं नाही. उठली, सायकलीपाशी गेली आणि सुकलेल्या बोटांनी स्वतः भोंगा दाबला. एकदा दाबला, कान लावून पुन्हा दाबला. मग पदराने पितळ पुसून पुन्हा. वर रानात कुठे कुत्रासुद्धा भुंकला नाही.

'मी खाली उतरलंय आसतंय रे,' ती भोंग्याला म्हणाली, 'रोज उतरलंय आसतंय.'