रिकाम्या टेम्पोचं डिझेल

डिझेलचा हिशोब बघणाऱ्या बाईकडे कसले आलेत किस्से, असं तुम्हाला वाटणारच. मलाही वाटायचं! पण कुडाळात अप्पांच्या ट्रान्सपोर्टमध्ये गाड्यांचं ॲव्हरेज काढायला बसले आणि किस्से आपोआप साचत गेले. एक सांगते, कमी ॲव्हरेज देणाऱ्या ड्रायव्हरइतकी कल्पनाशक्ती दुसऱ्या कोणाकडे नसते.

आमचा बाबलच घ्या. खाणीवरून जांभ्या दगडाचे चिरे भरून शिरोड्याला बांधकामांवर नेतो. एकदा विचारलं, "बाबल, काल डिझेल जास्त कसं लागलं?"

"वयनी, जाताना वारो उलटो होतो."

"आणि येताना?"

"येताना वारो पण परतलो!"

मी दोन्ही वारे वहीत लिहून ठेवले!

*

दाजींचं अगदी उलट. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. जीपही तशीच जुनी, पण ॲव्हरेज नव्या गाडीला लाजवणारं. गुपित विचारलं तर म्हणाले, "चढाक कोणतरी पाठसून ढकलता. मी मागे बघणंय नाय. बघलंय तर तो सोडून देत!"

मी पोट धरून हसले. दाजी नाही हसले.

*

बाबलचा टेम्पो नवा आला, तेव्हा गावच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं ते दाजींनीच. हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाले, "ही गाडी कधी रिकामी फिराक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. धंदा अप्पांचा, त्यामुळे अप्पा सगळ्यात मोठ्याने!

*

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजी वारले.  त्यांची जीप घाटावरून आलेल्या एका नव्या ड्रायव्हरला दिली. त्याने दाजींना पाहिलंही नव्हतं. ॲव्हरेज मात्र तेवढंच!

एक दिवस तो तक्रार घेऊन आला. "मॅडम, गाडी दाखवून घ्या. चढावर मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं."

"मागे बघितलंस?"

"नाही."

"मग बघू नकोस," मी म्हटलं आणि त्याला चहा सांगितला.

*

इकडे बाबलचा टेम्पो डिझेल पीतच होता. भरून जाताना जेवढं, रिकामा येताना तेवढंच! मेकॅनिकने गाडी उलटीपालटी करून बघितली. गळती नाही, बिघाड नाही. मग अप्पांना एकच कारण दिसलं, बाबल वाटेत डिझेल विकतो! टाकीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली. तरी फरक पडेना.

बाबलचं लग्न ठरलेलं. डिझेलचोर म्हणून नोकरी गेली असती, तर मुलीकडचेही परत फिरले असते. माझ्या टेबलापाशी येऊन तो रडवेला होऊन म्हणाला, "वयनी, आवशीची शपथ, मी थेंब पण विकलंय नाय." मला त्याचं खरं वाटत होतं. पण माझ्याच हाताने काढलेलं ॲव्हरेज समोर होतं, काय करू!

"उद्या मी स्वतः येतंय," अप्पा गरजले. "वयनी, तुमी पण चला. चोरी सापडली तर चावी तिथेच ठेव रे बाबल!"

*

शिरोड्याला चिरे उतरवले. भर दुपारची वेळ. बाबलने हौद्याचा पाठचा फाळका वर करून खिट्टी नीट लावली.

"रिकाम्या गाडयेचो फाळको इतको कित्याक जपतस?" अप्पांनी टोमणा मारला.

"लावलेलो बरो, अप्पानु."

आम्ही तिघे पुढे बसलो. पहिल्याच चढाला इंजिन कण्हायला लागलं. बाबलने दुसरा गिअर टाकला, मग पहिला. अप्पांची नजर त्याच्या पायावरून हलत नव्हती. चढ संपला तसे ते म्हणाले, "गाडी काट्यार घे."

हमरस्त्याच्या वजनकाट्यावर टेम्पो उभा केला. लाल आकडा पेटला. भरलेल्या गाडीचा आकडा! अप्पांनी चष्मा पुसला. आकडा तोच.

काटेवाला वरच्या खिडकीतून डोकावला. हौद्यात बघितलं आणि वैतागून ओरडला, "असा वजन करूक येवचा नाय हां! आधी पाठची माणसां खाली उतरवा!"

आम्ही काचेतून मागे वळून पाहिलं. हौद्यात चिऱ्यांची लाल धूळ होती, बाकी काही नाही.

 मग अप्पांनी खिशातून टाकीच्या कुलपाची किल्ली काढली, बाबलच्या हातात दिली आणि कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाले,

"बाबल, खड्डे चुकवून हाक रे."