माधवचा वेल

सुमतीमावशी गेल्या तेव्हा मी रजेवर नाशिकला होते. त्यांच्या मुलाचा फोन आला. "आई पहाटे गेली..." एवढंच तो बोलला.

मी मोहालीत नोकरी करते आणि गेली चार वर्षं चंदीगडला मावशींच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मावशी मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचे यजमान, कर्नलकाका, निवृत्त झाल्यावर दोघं इथेच राहिले आणि काकांमागेही त्या हलल्या नाहीत. अंगणातला वेल सोडवत नाही म्हणायच्या. तो काकांनी लावलेला. खोड मनगटाएवढं जाड, उन्हाळ्यात कर्ण्यांसारखी लाल फुलं. त्याचं नाव मात्र मावशींना ठाऊक नव्हतं. विचारलं की काका विषय बदलायचे.

मागच्या जूनमध्ये मी मोबाइलवर फोटो काढून शोधलं. अमेरिकन वेल, असं उत्तर आलं. मावशींना ते पटेना. मग आम्ही एक डहाळी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या सरदारजींकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेलं. त्यांनी पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं, लव नव्हती. फुलाखालचा हिरवा पेला अर्ध्यापर्यंत चिरलेला दाखवला. अमेरिकन वेलाचं पान खालून लवदार असतं, पेलाही इतका खोल चिरलेला नसतो, असं सांगून ते म्हणाले, "ये चीन की बेल है, बहनजी."

मावशी वाटभर ती डहाळी हातात फिरवत होत्या. घरी येऊन पायरीवर बसल्या, आणि मग मला प्रथमच कळलं की त्यांचा थोरला भाऊ माधव चीनच्या लढाईत गेला होता. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या. त्याचा देहही परत आला नाही. चिनी बनावटीची साधी बॅटरीसुद्धा त्या घरात का येत नसे, ते तेव्हा उमगलं.

"म्हणून हे मला वेलाचं नाव सांगत नव्हते," त्या म्हणाल्या. "मला फुलं आवडायची ना..."

वेल काढून टाकायचा का, असं मी भीतभीत विचारलं. त्यांनी वर वेलाकडे पाहिलं.

"तिकडून माझ्याकडे एवढंच आलं गं. राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून त्या वेलाला माधव म्हणू लागल्या. आज माधव बहरलाय म्हणायच्या, माळ्यालाही सांगायच्या, माधवला पाणी घाला...

आता थंडी सरत आलीय आणि वेलावर एकही पान नाही. परवा घर आवरायला आलेल्या त्यांच्या मुलाने माळ्याला विचारलं, हा वाळला का? माधव हे त्या जातीचंच नाव आहे, असं माळी समजतो. सुटलेली फांदी दोरीने बांधत तो शांतपणे म्हणाला, "माधवजी सो रहे हैं, साहब. गर्मी में उठेंगे."